खापर विजेच्या गाडीवर

फोक्सवॅगनची वाईट बातमी आली की आपल्याकडे दोन ठरलेले सूर लागतात. पहिला असा, की ब्रसेल्समधल्या युरोपीय महासंघाच्या बाबूंच्या आणि पर्यावरणवाल्यांच्या नादी लागून एका धडधाकट कंपनीने हातचं सोडून पळत्याच्या पाठी धाव घेतली. दुसरा असा, की नवं तंत्रज्ञान आलं की जुने डायनोसॉर मरायचेच, त्यात रडण्यासारखं काय आहे? डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीतल्या ३५,००० नोकऱ्या २०३० पर्यंत कमी करण्याचा करार झाला तेव्हा दोन्ही सूर ऐकू आले. सप्टेंबर २०२५ मध्ये समूहातल्याच पोर्शने आपल्या इलेक्ट्रिक गाड्यांचं वेळापत्रक पुढे ढकललं तेव्हा पहिला सूर आणखी चढला. मला दोन्ही बाजू फसलेल्या वाटतात. फोक्सवॅगनचं दुखणं इलेक्ट्रिक गाडीच्या आधीचं आहे. चीनमधला नफा आणि डिझेलवरचा विश्वास या दोन गोष्टींनी ते वर्षानुवर्षं झाकून ठेवलं, आणि ईव्हीने ते उघड्यावर आणलं. जिथे ईव्हीने कंपनीला खरोखर घाम फोडला, तिथेही गुंता मोटर-बॅटरीचा कमी आणि सॉफ्टवेअरचा, कारखान्यांच्या हिशेबाचा जास्त होता.

पहिल्या बाजूच्या हातात पुरावे नाहीत असं मात्र मुळीच नाही. जर्मन सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये ईव्हीचं अनुदान जवळजवळ रातोरात बंद केलं आणि पुढच्या वर्षी तिथली इलेक्ट्रिक गाड्यांची विक्री २७ टक्क्यांनी पडली, सव्वापाच लाखांवरून ३ लाख ८० हजारांवर. जी मागणी अनुदान काढल्यावर वर्षभरात एवढी आटते, ती मुळात कितीशी पक्की होती, हा प्रश्न रास्तच आहे. ब्रसेल्समधला आउडीचा कारखाना फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाला, आणि तिथे बनत होती ती फक्त क्यू-८ ई-ट्रॉन ही इलेक्ट्रिक गाडी. ज्या स्वीडिश नॉर्थव्होल्टच्या बॅटऱ्यांवर फोक्सवॅगनने भिस्त ठेवून पैसा लावला, त्या कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळं जाहीर केलं. पोर्शच्या माघारीचा फोक्सवॅगन समूहाला बसलेला फटका ५.१ अब्ज युरोंचा. अटलांटिकपलीकडे फोर्डने डिसेंबर २०२५ मध्ये ईव्हीच्या बेतांपायी १९.५ अब्ज डॉलरचा बोजा हिशेबात दाखवला. आणि हायब्रिडवर, म्हणजे इंजिन-मोटरच्या जोडीवर, टिच्चून बसलेली टोयोटा मजेत आहे. एवढं सगळं समोर असताना ‘ईव्हीने बुडवलं’ असं कुणी म्हटलं तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही.

पण बुडवलं म्हणजे नेमकं किती, आणि कुठे? सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने जर्मनीतले कारखाने बंद करण्याची भाषा पहिल्यांदा उघडपणे केली. तेव्हा अर्थप्रमुख आर्नो आंटलिट्झ यांनी कामगारांपुढे जो हिशेब मांडला तो फारसा कुणी वाचलेला दिसत नाही. युरोपात कोविडआधीच्या तुलनेत वर्षाला सुमारे वीस लाख गाड्या कमी विकल्या जातात. त्यात फोक्सवॅगनच्या वाट्याची तूट पाच लाखांची, म्हणजे साधारण दोन कारखान्यांचं उत्पादन. ही तूट पेट्रोलची की विजेची, असा भेदच त्यात नाही. गिऱ्हाईकच कमी झालं आहे. त्या दोन कारखान्यांत उद्यापासून फक्त पेट्रोलच्या गोल्फ बनवायच्या ठरवल्या, तरी त्या घेणार कोण?

आता त्याच समूहातल्या स्कोडाकडे बघा. गाडीचा सांगाडा तोच, मोटरही तीच, बॅटरी एकाच खरेदीखात्यातून आलेली. २०२४ मध्ये दोन्ही ब्रँडच्या एकूण विक्रीत इलेक्ट्रिक गाड्यांचा वाटा दहा टक्क्यांच्या आतच होता. तरी फोक्सवॅगन ब्रँडला शंभर युरोंच्या विक्रीमागे तीन युरोही सुटले नाहीत आणि स्कोडाला आठहून जास्त सुटले. ईव्ही हेच विष असेल तर ते स्कोडाच्या गावी, चेकियातल्या म्लाडा बोलेस्लावमध्ये का भिनलं नाही? कुणी म्हणेल, चेक कामगार स्वस्त पडतो. अगदी बरोबर. मग भांडण खर्चाचं आहे, विजेचं नाही.

हा खर्च इतकी वर्षं कुणी सोसला? चीनने. १९८४ मध्ये शांघायमध्ये भागीदारीचा करार करून फोक्सवॅगन तिथे गेली तेव्हा चिनी माणसाला स्वतःची मोटार ही कल्पनाही दूरची होती. सांताना ही गाडी पुढे तिथली टॅक्सी झाली, सरकारी साहेबाची गाडी झाली, आणि कंपनीला तीस वर्षं मोकळं मैदान मिळालं. २०१९ पर्यंत समूहाच्या दर पाच गाड्यांतल्या जवळजवळ दोन चीनमध्ये विकल्या जात होत्या, वर्षाला बेचाळीस लाखांच्या वर. तिथल्या भागीदारीतून चांगल्या वर्षांत पाच अब्ज युरोंच्या घरात नफा हाती यायचा. घरच्या मैदानावर मार्जिन दोन-तीन टक्के, मुख्यालयाच्या वुल्फ्सबर्गमध्ये चढे पगार, कारखाने अर्धवट रिकामे. पण वर्षअखेरीला ताळेबंद भरलेला दिसायचा. अशा घरात वाईट बातमी सांगणाऱ्याचं कोण ऐकतो? २०२४ पर्यंत चीनमधली विक्री तीस लाखांच्या खाली आली आणि भागीदारीतला नफा दोन अब्जांच्याही खाली. २०२३ मध्ये चीनमधला सर्वाधिक खपाचा ब्रँड हा मान तिथल्याच बीवायडी कंपनीने हिसकावून घेतला.

इथेच ‘ईव्हीच्या नादी लागायलाच नको होतं’ हा युक्तिवाद मोडतो. जुलै २०२४ मध्ये चीनमध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांत निम्म्याहून अधिक गाड्या चार्जिंगची वायर लागणाऱ्या होत्या, पूर्ण इलेक्ट्रिक किंवा प्लग-इन हायब्रिड. म्हणजे फोक्सवॅगनचं सगळ्यात मोठं दुकान ज्या बाजारात, तो बाजार तिच्या संमतीची वाट न बघता पलीकडे निघून गेला होता. पेट्रोलवर ठाम राहिली असती तर तिथे टिकली असती, असं कुठल्या आधारावर म्हणायचं? तिथे ती हरली ती ईव्ही बनवल्या म्हणून नव्हे, चिनी गिऱ्हाइकाला हव्या तशा बनवता आल्या नाहीत म्हणून.

राहिला टोयोटाचा दाखला, आणि तो खरोखर वजनदार आहे. टोयोटाने घाई केली नाही आणि तिचं भलं झालं, हे मान्य. पण तिच्याकडे थांबायला जागा होती. पहिली प्रियस १९९७ ची. त्यामागे आज पाव शतकाहून मोठी हायब्रिडची पुण्याई आहे. जर्मनांकडे काय होतं? डिझेल. इंधन वाचवायचं तर हायब्रिडचे कुटाणे कशाला, आमचं डिझेल स्वच्छ आहे, हे फोक्सवॅगनने अमेरिकेत जाहिराती करकरून सांगितलं. सप्टेंबर २०१५ मध्ये कळलं की ते डिझेल फक्त चाचणीच्या वेळी स्वच्छ होतं. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत तपासणी ओळखून धूर आवरणारं सॉफ्टवेअर घातलेलं होतं. दंड, भरपाई, खटले मिळून कंपनीचे तीस अब्ज युरोंहून जास्त गेले. पैशाचं सोडा, मधला पूलच जळाला. पेट्रोलकडून विजेकडे जाताना टोयोटाला जी पायरी होती, ती फोक्सवॅगनने स्वतःच्या हाताने उखडून टाकलेली. त्यानंतर थेट इलेक्ट्रिकमध्ये उडी घेण्याला दूरदृष्टी म्हणणारे तेव्हा होते, मूर्खपणा म्हणणारे आज आहेत. माझ्या मते ती नाइलाजाची उडी होती, आणि तिचा जाब विचारायचा तर डिझेलवाल्यांना विचारायला हवा.

उडी नाइलाजाची असली तरी ती नीट घ्यायला कुणी मनाई केली नव्हती, हेही खरं. आयडी-३ चंच बघा. नोव्हेंबर २०१९ मध्ये अँगेला मर्केल यांच्या उपस्थितीत झ्विकाऊला तिचं उत्पादन सुरू झालं. पूर्व जर्मनीच्या काळात ट्राबांट बनायची तेच हे गाव. गाड्या असेंब्ली लाइनवरून उतरू लागल्या, पण सॉफ्टवेअर तयार नव्हतं. हजारो गाड्या मैदानांत उभ्या करून ठेवल्या गेल्या. पुढच्या सप्टेंबरात पहिल्या ग्राहकांना चाव्या मिळाल्या त्याही ‘काही सुविधा नंतर येतील’ या बोलीवर. आत बसल्यावर दुसरा नमुना. स्क्रीनच्या खाली आवाज आणि तापमान कमीजास्त करायला बोट फिरवायची पट्टी होती, आणि त्या पट्टीला दिवाच नव्हता. रात्री गाडी चालवताना थंडी वाजली तर अंधारात चाचपडायचं. ड्रायव्हरच्या दारावर काचांची बटणं चारऐवजी दोन. मागची काच खाली करायची तर आधी ‘रिअर’ लिहिलेल्या जागी बोट लावायचं, मग तीच बटणं मागच्या काचांची होणार. हे बॅटरीमुळे झालं का? त्याच सुमाराच्या आठव्या पिढीच्या गोल्फमध्येही, म्हणजे चक्क पेट्रोल-डिझेलच्या गाडीत, तीच बिनदिव्याची पट्टी होती! ब्रँडचे प्रमुख थॉमस शेफर यांनी नंतर कबूल केलं की या प्रकाराने निष्ठावान ग्राहक दुखावले. आता येऊ घातलेल्या इलेक्ट्रिक पोलोत बटणं परत आली आहेत.

पट्टीला दिवा नसणं ही किरकोळ चूक वाटेल, पण तिच्यामागची व्यवस्था किरकोळ नाही. पारंपरिक गाडीत काचेपासून ब्रेकपर्यंत प्रत्येक कामासाठी वेगळं कंट्रोल युनिट असतं. महागड्या गाडीत अशी युनिट्स शंभराच्या आसपास जातात. ती बॉशसारख्या पुरवठादारांकडून येतात, आतला कोडही त्यांचाच. कार कंपनीने खोकी जोडायची. ही पद्धत पेट्रोलच्या जमान्यात उत्तम चालली आणि तिच्यावरच जर्मन मोटार उद्योगाचं वैभव उभं राहिलं. पण टेस्लाने मोजके मोठे संगणक आणि स्वतःचा कोड घेऊन गाडी बनवली, चिन्यांनी तोच धडा गिरवला, आणि घरबसल्या अपडेट होणारी गाडी लोकांना सवयीची झाली. फोक्सवॅगनने उत्तर म्हणून कारियाड नावाची सॉफ्टवेअर कंपनी काढली. तिने आउडीचं, पोर्शचं, फोक्सवॅगनचं सगळ्यांचंच सॉफ्टवेअर एका छताखाली आणायचं होतं, आणि यातल्या प्रत्येकाला आपलं ते वेगळं हवं होतं. पोर्शची इलेक्ट्रिक मकान आणि आउडी क्यू-६ ई-ट्रॉन या गाड्या त्यापायी सुमारे दोन वर्षं रखडल्या. एकट्या २०२३ मध्ये कारियाडचा तोटा दोन अब्ज युरोंच्या वर गेला. शेवटी रिव्हियन या अमेरिकी कंपनीशी ५.८ अब्ज डॉलरपर्यंतचा सौदा करून सॉफ्टवेअर बाहेरून घ्यायचं ठरलं, आणि चीनपुरतं ग्वांगझूच्या एक्सपेंगशी सूत जुळवलं. फोक्सवॅगनला विजेची मोटर बनवता येत नव्हती असं तिचा शत्रूही म्हणणार नाही. तिला जमलं नाही ते आपल्याच घरातल्या संस्थानांना एका ओळीत उभं करणं.

मग डायनोसॉरवाले जिंकले का? नाही, कारण या कंपनीचा स्वतःचाच इतिहास त्यांच्या विरोधात साक्ष देतो. १७ फेब्रुवारी १९७२ रोजी बीटलने फोर्डच्या मॉडेल-टीचा उत्पादनाचा विक्रम मोडला, १ कोटी ५० लाख ७ हजार ३४ गाड्या. वुल्फ्सबर्गमध्ये तो उत्सवाचा दिवस होता. प्रत्यक्षात कंपनी तेव्हा बीटलच्या ओझ्याखाली घुसमटत होती. मागे बसवलेलं, हवेने थंड होणारं इंजिन जुनं झालं होतं. त्याच्यापलीकडे बघण्याला आधीचे प्रमुख हाइन्झ नॉर्डहोफ यांच्या कारकिर्दीत इतका विरोध होता, की इंगोलश्टाटमधल्या आउडीच्या अभियंत्यांनी आउडी-१०० ही गाडी वरिष्ठांपासून लपवून विकसित केली. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचं, पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या गाडीचं ज्ञान फोक्सवॅगनला घरात मिळालं नाही. ते डाइमलर-बेंझकडून घेतलेल्या आउटो युनियन या आउडीच्या मूळ कंपनीतून आणि पुढे एनएसयू या मोटार कंपनीतून आलं. १९७३ ची पसाट ही बरीचशी आउडीच होती. १९७४ मध्ये गोल्फ बाजारात आली आणि त्याच वर्षी कंपनीने ८०.७ कोटी मार्कांचा तोटा दाखवला. प्रमुख गेले, नवे आले, सुमारे २५,००० नोकऱ्या कमी करण्याची योजना आली. १९७४ च्या शेवटी कुणी हिशेब मांडला असता तर ‘गोल्फने बुडवलं’ असंच म्हणाला असता. आज असं म्हणणाऱ्याला आपण हसू, कारण पुढचं अर्धशतक कंपनी त्याच गोल्फवर जगली.

ही तुलना फार ताणायची नाही. तेव्हा उसनं आणलेलं ज्ञान विकत घेतल्यामुळे घरचं झालं होतं. रिव्हियन आणि एक्सपेंग घरच्या नाहीत, त्या उद्या दुसऱ्याच्या दारातही उभ्या राहतील. शिवाय तेव्हा समोर बीवायडीसारखा, बॅटरीपासून जहाजापर्यंत सगळं स्वतः बनवणारा प्रतिस्पर्धी नव्हता. तरीही डायनोसॉर म्हणून निकालात काढलेली ही कंपनी २०२५ मध्ये युरोपात सर्वाधिक इलेक्ट्रिक गाड्या विकत होती, तिथल्या दर चारांमागे एक किंवा थोडी जास्त, आणि त्याच वर्षी टेस्लाची युरोपातली विक्री घसरत होती. साल्झगिटरच्या कारखान्यातून दशकानुदशकं इंजिनं बाहेर पडली; तिथेच आता बॅटरीच्या सेलचं उत्पादन सुरू झालं आहे. एवढ्यावरून फोक्सवॅगन तरली असं मी म्हणत नाही. मेली असं म्हणणाऱ्याने मात्र आकडे बघावेत.

आता युनियनबद्दल. आपल्याकडे ही चर्चा चार वाक्यांत ‘युनियनने बुडवलं’ इथे पोचते. आधारही आहे म्हणा. फोक्सवॅगनच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या, लोअर सॅक्सनी या राज्याकडे २० टक्के मतं, आणि खास फोक्सवॅगनसाठी केलेल्या कायद्यामुळे कारखाना उभारणं किंवा हलवणं दोन तृतीयांश संमतीशिवाय अशक्य. तेव्हाचे प्रमुख हर्बर्ट डीस २०२१ मध्ये कामगारांना सांगत होते, की टेस्ला बर्लिनजवळच्या नव्या कारखान्यात दहा तासांत गाडी बनवू पाहतेय आणि आपल्याला झ्विकाऊत तिसाहून जास्त तास लागतात. ३०,००० नोकऱ्या धोक्यात येऊ शकतात असं ते मंडळापुढे म्हणाल्याच्या बातमीने गदारोळ झाला. जुलै २०२२ मध्ये त्यांना जायला सांगितलं गेलं. अडीच वर्षांनी त्याहून मोठ्या आकड्यावर त्याच मंडळींनी सह्या केल्या. डीस माणूस फटकळ, सॉफ्टवेअरचा घोळही त्यांच्याच काळातला, पण त्यांचं गणित चुकलेलं नव्हतं.

तरीसुद्धा पूर्ण दोष युनियनवर टाकायला मी तयार नाही. २०२३ च्या नफ्यातून भागधारकांना साडेचार अब्ज युरो लाभांश वाटला गेला आणि काही महिन्यांत कामगारांना सांगण्यात आलं की तिजोरी रिकामी होत चालली आहे. मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट ज्याला माहीत आहे त्याला हा क्रम ओळखीचा वाटेल. तिथेही नफा यंत्रांत परत न घालता इतरत्र वळवला गेला आणि १९८२ च्या संपानंतर सगळं खापर संपावर फुटलं. फरक एवढाच, पण तो प्रचंड आहे: गिरणगावातल्या अडीच लाख कामगारांपैकी कुणाला त्या टेबलावर खुर्ची नव्हती. वुल्फ्सबर्गच्या कामगारांना होती. म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये सत्तर तास वाटाघाटी होऊन जे ठरलं त्यात ड्रेस्डेनचं गाडी-उत्पादन थांबलं, गोल्फ मेक्सिकोला निघाली, पगारवाढ सोडावी लागली, पण २०३० पर्यंत कुणालाही सक्तीने काढायचं नाही हेही लिहून घेतलं गेलं. हे संथ आहे, महाग आहे, आणि शेअर बाजाराला आवडणारं नाही. पण ३५,००० माणसं कमी करण्याचा याहून कमी क्रूर मार्ग कुणाला ठाऊक असेल तर त्याने दाखवावा.

पुणे परिसराने या गोष्टीतून उचलायचं असेल तर ते हेच आहे. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ पासून आहे. तिथे बनणाऱ्या टायगुन आणि व्हर्टस पेट्रोलच्या आहेत, त्यामुळे जर्मनीतल्या उलथापालथीची झळ अजून थेट लागलेली नाही. पण इलेक्ट्रिक गाडीत क्रँकशाफ्ट नसतो, क्लच नसतो, सायलेन्सर नसतो, आणि हे सगळं बनवणारा पट्टा भोसरीपासून चाकणपर्यंत पसरलेला आहे. मुंढव्याची भारत फोर्ज क्रँकशाफ्ट बनवत मोठी झाली आणि वेळीच तोफांकडे, ॲल्युमिनियमच्या भागांकडेही वळली. तिला भांडवल होतं, अभियंते होते. एमआयडीसीतल्या गाळ्यात दोन सीएनसी यंत्रं घेऊन एकाच कंपनीचं जॉबवर्क करणाऱ्याने कुठे वळायचं? त्याच्याकडच्या कंत्राटी पोराचं काय? महाराष्ट्राचं २०२५ चं ईव्ही धोरण आलं तेव्हा चर्चा झाली ती एक्स्प्रेस वेवरच्या आणि अटल सेतूवरच्या टोलमाफीची. ईव्ही घेणाऱ्याला टोल माफ व्हावा की नाही यावर वाद घालायला हरकत नाही. पण क्लच बनवणारे गाळे किती, त्यातले हात किती, आणि त्यांना दुसरं काम शिकायला किती वर्षं लागतील, ही मोजणी आता, ऑर्डरी येत असतानाच व्हायला हवी. वुल्फ्सबर्गमध्ये चीनचा पैसा येत होता तेव्हा ती कुणाला करावीशी वाटली नाही.